उसातली हाक

निवृत्त झाल्यापासून मी प्रमुख पाहुणा आहे. हा काही हुद्दा नाही, पण कामाचे तास पाहिले तर असायला हरकत नाही. शिरूर तालुक्यात आमच्या बाजूला शाळेचं गॅदरिंग असो, व्यायामशाळेचं उद्घाटन असो, की दूध डेअरीच्या नव्या कूलरची पूजा, कार्यक्रमाला एक फौजी लागतो. पुढारी मिळाला नाही म्हणून लागतो असं नाही. पुढारी येईपर्यंत लागतो. पुढारी हमखास उशिरा येतात आणि तोवर व्यासपीठावर कोणीतरी ताठ बसलेलं बरं दिसतं. ताठ बसणं मला येतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेवढी एक गोष्ट पक्की झाली.

सुभेदार म्हणून निघालो. निघता निघता सरकारनं मानद कॅप्टन केलं. मानद म्हणजे खांद्यावर तारे येतात, पण हाताखाली कोणी येत नाही. त्यातलं ‘मानद’ गावानं पहिल्याच आठवड्यात गाळून टाकलं आणि मीही ते परत घालायला गेलो नाही. कार्यक्रमाला जाताना निळा ब्लेझर घालतो, त्याच्यावर पदकं. त्यांतलं एक उंचावर राहिल्याबद्दल आहे, एक थंडीत राहिल्याबद्दल आणि उरलेली नोकरीत राहिल्याबद्दल. मी रसदीत होतो. पीठ, डाळ, रॉकेल, डबाबंद अननस. रसदीतल्या माणसालाही पहारे करावे लागतात, पुढच्या चौक्यांवर महिनोन् महिने काढावे लागतात, ते मी केलं. पण शाळेतली मुलं विचारतात, किती शत्रू मारले? मी विषय बदलतो. मुलं आणि मास्तर दोघंही त्याला माझा विनय समजतात.

भाषणंही ठरलेली आहेत. त्यांत एक वाक्य नेहमी असायचं: माझ्या पाठीशी माझी पत्नी खंबीरपणे उभी राहिली. हे वाक्य माझं नाही. एका मोठ्या साहेबाच्या निरोपसमारंभात ते पहिल्यांदा ऐकलं, इंग्रजीत. तेव्हा मनात म्हटलं होतं, हे गृहस्थ बायकोचे आभार मानताहेत की घराच्या मागच्या भिंतीचे? पुढे माझी वेळ आली तेव्हा तेच वाक्य मराठीत करून मी म्हटलं आणि टाळ्या आल्या. टाळ्या आलेलं वाक्य कोणी टाकून देत नाही. मग मी त्याला एक जोडही दिला. दौंड स्टेशनचा.

बायकोचं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. लग्न झालं तेव्हा मी साधा जवान होतो. सुट्टी संपली की उत्तरेकडची गाडी दौंडला धरायची. पहिली काही वर्षं ती मला पोचवायला यायची, तेवढंच माहेरही होऊन जायचं. दौंडला त्या गाडीची दिशा बदलायची. एका टोकाचं इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि गाडी आली त्याच बाजूला परत निघायची. हे तिच्या कधी लक्षात राहायचं नाही. ती दरवेळी चुकीच्या टोकाकडे तोंड करून उभी राहायची आणि गाडी तिच्या पाठीमागून निघायची. मग ती वळून, खिडकीत मी दिसेन अशा बेतानं, मोठ्यांदा म्हणायची, “इकडची काळजी करू नका. मी हाय.” एवढ्या मोठ्यांदा की सगळा डबा ऐकायचा. एकदा आमच्या तुकडीचा एक हरयाणवी हवालदार सोबत होता. तो म्हणाला, भाभीजी तो शेरनी हैं. मला बरं वाटलं. पुढची सगळी वर्षं मी त्या शेरनीच्या जोरावर नोकरी केली.

दोन वेळा फॅमिली क्वार्टर मिळालं. ते दिवस सोडले तर ती इथंच, आमच्या वस्तीवर. वस्ती म्हणजे गावात घर नाही. शेतातच घर, चारही बाजूंना ऊस, शेजारी हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल इतक्या अंतरावर. माझे आई-वडील जाईपर्यंत त्यांचं तिनंच केलं. दोन मुलींची शाळा केली, त्यांची लग्नं केली. लग्नांना मी आलो होतो. जनावरं, पाणी, कारखान्याची तोड आणण्यासाठी तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागं फिरणं, सगळं तिचं. मी सुट्टीवर यायचो तेव्हा मला ते नीट चाललेलं दिसायचं. नीट चाललेल्या गोष्टीकडे बघायचं कारण नसतं. रसदीतसुद्धा आम्ही कमी पडलेल्या मालाचीच विचारपूस करायचो.

आता बिबट्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे लिहिण्याची वेळच आली नसती.

आमच्या भागात ऊस वाढला तसे बिबटे वाढले. उसातच जन्मतात, उसातच मोठे होतात. डोंगर त्यांनी कधी पाहिलेला नसतो. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, वासरं. मग काही गावांतून माणसंही गेली. आमच्या शेजारच्या वस्तीवरून गोठ्यातलं वासरू नेलं. आमच्या उसाच्या कडेला ओल्या वाफ्यात ठसे दिसले. तेव्हापासून बायका गवताला जाताना थाळ्या वाजवत जाऊ लागल्या आणि शाळा सुटायच्या वेळेला बाप लोक फाटकाशी उभे राहू लागले. कोणीतरी गळ्यात घालायचे पट्टे काढले. जाड रेक्झिनचा पट्टा, त्याला बाहेरून टोकदार खिळे. बिबट्या मानगूट धरतो, म्हणून. वाकून काम करणाऱ्या बाईला तो चार पायांचं जनावर समजतो, असं माहीतगार सांगतात.

पट्टे आले म्हणजे वाटप आलं. वाटप आलं म्हणजे मंडप आणि मंडप आला म्हणजे मी आलो.

एका तरुण मंडळींच्या प्रतिष्ठाननं कार्यक्रम घेतला होता. निवडणुका तोंडावर होत्या, एवढं सांगितलं की पुरे. फ्लेक्सवर वर अकरा फोटो, खाली एक गुरगुरणारा प्राणी. तो बिबट्या नव्हता, जग्वार होता. पण दक्षिण अमेरिकेचा विषय काढून कोणाचा विरस करणं बरं नाही. मधोमध ठळक अक्षरांत: आमच्या वाघिणींच्या रक्षणासाठी. वेळ चारची. मुख्य पुढारी येणार म्हणून पाच वाजले, साडेपाच वाजले. ज्या कार्यक्रमात सांगायचं होतं की बायांनी दिवस मावळायच्या आत घरी जावं, तो दिवस मावळायची वाट बघत थांबला होता. बायका खुर्च्यांवर चुळबुळत होत्या, धारेची वेळ होऊन गेली होती. त्यांत चौथ्या रांगेत माझी बायको.

शेवटी पुढाऱ्यांचा फोन आला की ते पुण्याहून निघालेत आणि शिक्रापूरला ट्रॅफिकमध्ये अडकलेत. म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बरं बोललो. फौजेतली बडीची पद्धत सांगितली. पुढच्या चौकीवर कोणी कधी एकटा जात नाही, पाणी आणायलासुद्धा नाही. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, त्याला बडी म्हणतात. तो झोपला तर तुम्ही जागं राहायचं, तुम्ही झोपलात तर त्यानं. तेव्हा माझ्या माता-भगिनींनो, उसात एकटं जाऊ नका, प्रत्येकीनं आपला बडी नेमा. टाळ्या झाल्या. त्या भरात मी खंबीर पत्नीचं वाक्य घातलं, दौंड स्टेशन घातलं. आणखी टाळ्या झाल्या. दोन-तीन बायकांनी वळून माझ्या बायकोकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

मग पट्टे. ते हातात देऊन चाललं असतं. पण फोटोसाठी प्रमुख पाहुण्यांनी ते गळ्यात बांधायचे, असं ठरलं होतं. बायका ओळीनं व्यासपीठावर येऊ लागल्या. प्रत्येक बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, मी मागून बकल लावायचो, ती फोटोवाल्याकडे बघायची, आणि पुढची यायची. व्यासपीठाखाली शेजारच्या वस्तीवरचे मामा उभे होते. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन हिंडल्या, आता त्यांचाही ऊस आहे. ते बराच वेळ बघत होते. मग शेजारच्याला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, “आमच्या कुत्र्यांना घालायचो की आमी ह्ये. लांडग्यासाठी. पर कुत्र्यांला घालताना कवा मंडप न्हवता घातला.”

आसपास जरा हसणं झालं. मला पुढची पाठ दिसली आणि ती पाठ मी ओळखली.

लग्नात मंगळसूत्र बांधलं तेव्हाही असंच झालं होतं. गाठ बसत नव्हती, मागून कोणीतरी बॅटरीचा उजेड धरला होता. आता तशी अडचण नव्हती. आधीच्या वीसेक बायकांवर सराव झाला होता. मी पट्टा तिच्या गळ्यात घातला. मंगळसूत्राची वाटी खिळ्यांच्या वर राहिली, ती तिनं बोटानं आत सरकवली. मी बकल ओढलं. ती हळूच म्हणाली, “आवळू नका. केस आडकल्यात.” मी केस सोडवायला लागलो. बरेच पांढरे होते. मागून फोटोवाला सांगत होता, साहेब, इकडं बघा, मॅडम, जरा हसा. तेवढ्यात तिच्या मागं उभी असलेली एक मावशी, मामांचीच कारभारीण, मोठ्यानं बोलली.

“मंग कॅप्टन, तुमी सांगितलं त्ये बडी का फिडी. हिचा कोन?”

मी म्हणालो, “मी की.”

सगळा मंडप हसला आणि टाळ्या वाजल्या. इतक्या टाळ्या माझ्या कुठल्याच भाषणाला मिळाल्या नव्हत्या. बायको तेवढी हसली नाही. पट्टा घालून खाली उतरली.

पुढारी आले ते दिवे लागल्यावर. त्यांचं भाषण झालं, आणि मला त्यांच्या गाडीत बसवून चहापानाला नेलं. गाडी कॅनॉलच्या रस्त्यानं निघाली तेव्हा दिव्यांच्या उजेडात कडेनं चाललेल्या बायका दिसल्या. पाच-सहा जणी, गळ्यात नवे पट्टे, एकीच्या हातात मोबाइलची बॅटरी. गाडीला वाट द्यायला त्या उसाकडे सरकल्या. म्हणजे नेमकं जिकडे सरकायचं नाही तिकडे. त्यांत माझी बायको होती. पुढारी म्हणाले, बघा, केवढा प्रतिसाद आहे. मी गाडी थांबवा म्हणालो नाही. मधल्या सीटवर दोघांच्या मध्ये बसलो होतो, मांडीवर सत्काराचा नारळ होता. गाडी थांबवायला चार शब्द पुरले असते. मी ते मनात नीट जुळवेपर्यंत बायका मागे पडल्या होत्या.

घरी आलो तेव्हा धारा काढून झाल्या होत्या. पट्टा माझ्या ब्लेझरच्या खुंटीशेजारी अडकवलेला होता. मी म्हणालो, सकाळी गवताला मी येतो. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, येऊ नका, दवानं बूट भिजतील. हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं की खरंच बुटांची काळजी म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी तरी तिच्या आधी उठायचं ठरवलं होतं. उठलोही. पण चपलेवर कसं जायचं म्हणून बूट काढले, ते पुसले, नाड्या ओवल्या, काठी शोधली. कानटोपी कुठं ठेवली ते आठवेना. तयार होऊन बाहेर आलो तर ती गेलेली. डेअरीची गाडी लवकर येते, तिला माझी तयारी परवडणारी नव्हती.

आमचा लसूणघासाचा वाफा उसाच्या पलीकडे आहे. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. नुकतं फटफटलं होतं. कॅनॉलवरून धुकं आलं होतं आणि पाचट दवानं जड झालं होतं. अर्ध्या वाटेवर आलो आणि मला तिचा आवाज ऐकू आला. ती कोणाशी तरी बोलत होती.

“अहो, तिकडच्या सरीत बघा जरा. व्हय, तिथंच. काठी हाय ना हातात?”

मी थांबलो. ती गप्प झाली. समोरचा काही बोलला असावा, तेवढा वेळ. मग पुन्हा: “मंग आपटा की. नुसतं उभं ऱ्हाऊन काय व्हतंय.”

बायको भल्या पहाटे उसात एका पुरुषाशी बोलते आहे. वाचनाचा एक तोटा असा की अशा वेळी नको त्या कथा आधी आठवतात. मी काठी घट्ट धरली. काय करणार होतो, देव जाणे. विळ्याचा आवाज येत होता, खस खस, आणि मधे मधे तिचं बोलणं. ती त्या माणसाला कानटोपी घालायला सांगत होती. नुसतं डोक्यावर ठेवू नका, खाली ओढा. मग म्हणाली, “आन् सोमवारी बँकेत जायचंय पेन्शनीचं, ध्येनात हाय का?”

सोमवारी पेन्शनसाठी बँकेत मला जायचं होतं. कानटोपी मी कधीच खाली ओढत नाही. तो माणूस मी होतो.

आणि तो आवाजही मी ओळखला. दौंडच्या फलाटावर ती ज्या आवाजात म्हणायची, इकडची काळजी करू नका, तोच. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा. ती तो आवाज मला ऐकवण्यासाठी काढत नव्हती. आसपासच्यांना ऐकवण्यासाठी काढत होती.

मी उत्तर दिलं. म्हणालो, “हो, ध्यानात आहे.”

खसखस थांबली. मी भराभर पुढं गेलो. ती वाफ्यात खाली बसली होती. दोन्ही हातांनी विळा तोंडापुढं धरलेला, पात्याचं टोक माझ्याकडे. गळ्यातल्या पट्ट्यावरून पदर गुंडाळला होता, त्यातून खिळे वर आले होते. मला ओळखल्यावरही विळा खाली यायला वेळ लागला. मग तिनं श्वास सोडला.

“आजवर कवा उत्तर आलं न्हवतं,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसलो. बूट भिजले. ती थोड्या वेळानं बोलायला लागली. सांगायचं म्हणून सांगत नव्हती. घाबरा जीव जागेवर यायला माणूस काहीतरी बोलतो, तसं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे सुरू झालं. मी तेव्हा बर्फात होतो. आईला संधिवात, वडिलांना दिसायचं कमी, तेव्हा संध्याकाळचं गवत तिलाच आणावं लागे. कॅनॉलच्या रस्त्यानं एक मोटारसायकलवाला जायचा. तो उसाशी आला की गाडी हळू करायचा. रोजच. एक दिवस तो थांबला. तेव्हा तिनं उसाकडं तोंड करून हाक मारली, अहो, या की लवकर, किती येळ. मोटारसायकल निघून गेली. तेव्हापासून ती हाक मारते. आधी माणसांसाठी, मग रानडुकरांसाठी, मग कशासाठी असं राहिलंच नाही. आता बिबट्यासाठी. नुसती हाक पुरत नाही, ऐकणाऱ्याला संशय येतो. म्हणून बोलायचं, कामं सांगायची, रागवायचं, आणि मधे उत्तराला जागा सोडायची.

वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या कारभारणीला माहीत होतं. आदल्या दिवशी मंडपात तिनं ते विचारलं ते उगाच नव्हतं. डेअरीवाला नवा होता तेव्हा एकदा माझ्या वडिलांना म्हणाला होता, तुमचा फौजी लई सुट्टीवर असतो बुवा. वडील म्हणाले, व्हय, असतो. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मी म्हणालो, तू मला एकदा तरी सांगायचंस.

“सांगून काय, सुट्टी मिळाली असती व्हय? तुमी तिकडं बर्फात. आनखी एक घोर कशाला.” मग विळ्याच्या पात्याला लागलेला घास बोटानं काढत म्हणाली, “मी पयल्यापासनं घाबरट हाय. लोकास्नी वाटतं न्हाई. तुमच्या त्या भाषणात तर वाटतच न्हाई.”

फ्लेक्सवर वाघीण. हवालदाराची शेरनी. माझी खंबीर. आम्ही सगळ्यांनी मिळून एका घाबरलेल्या बाईला किती वर्षं शौर्याची पदवी देऊन ठेवली होती. पदवी दिली की मदत द्यावी लागत नाही, हे मानद कॅप्टनला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

मला त्या वेळी माझे स्वतःचे पहारे आठवले. पुढच्या चौकीवर माझा बडी एक गढवाली पोरगा होता. रात्री धुक्यात समोरचं काही दिसायचं नाही, तेव्हा तो घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायचा, मला कळावं की तो जागा आहे. मी बंदुकीच्या नळीवर नखानं वाजवायचो, त्याला कळावं की मी जागा आहे. त्या रात्री मी घाबरलो नाही असं नाही. पण मी एकटा नव्हतो. सगळ्या नोकरीत एकही रात्र एकटा नव्हतो. सरकारनं तसा नियमच केला होता. त्या पहाऱ्यांचं पदक खुंटीवर ब्लेझरला लटकलेलं होतं, आणि खुंटीच्या दुसऱ्या बाजूला काल पट्टा लटकला होता, तो आता माझ्यासमोर दवात ओला होत होता.

विचारू नये ते मी विचारलं. म्हणालो, मी काय उत्तर द्यायचो? मधे जागा सोडायचीस तेव्हा?

ती पहिल्यांदा हसली. “तुमी लई बोलायचा न्हाई. व्हय, न्हाई. आलोच, ह्ये जास्त म्हनायचा.”

“आलोच?”

“हां. येळ लागायचा तुमाला, पर म्हनायचा.”

डेअरीच्या गाडीचा हॉर्न वाजला, आणि आम्ही दोघं उठून गवत भरायला लागलो. भारा तिनं उचलला. मी उचलायला गेलो होतो, पण पाठीत उसण भरली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावातून फोन आला. तिथंही पट्टे वाटायचे होते. फोनवरचा तरुण म्हणाला, साहेब, तुमचा व्हिडिओ लई फिरतोय, ते बडीचं आणि दौंड स्टेशनचं भाषणच करा, दुसरं काही नको. शुक्रवारी, चार वाजता. म्हणजे सहाला. मी म्हणालो, त्या वेळी मला गवताला जायचं असतं. तो हसला, त्याला विनोद वाटला. मग म्हणाला, एक गडी लावा की, कॅप्टन. मी म्हणालो, लावलाय, तोच बोलतोय. त्याला ते कळलं नाही. म्हणाला, असं करा, मॅडमनाच घेऊन या, त्यांचाही सत्कार करू, साडी, नारळ, सगळं. बायको ओट्याशी होती, तिला ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, साडी पाठवून द्या म्हणावं.

मी गेलो नाही. याला कोणी त्याग म्हणू नये. सत्कार घेऊन घेऊन माझ्याकडे इतके नारळ झाले होते की पंधरा दिवस आमटीला विकतचं खोबरं लागलं नव्हतं. आणि खरं म्हणजे त्या भाषणात आता मला उभं राहता येईना. दौंड स्टेशनपर्यंत आलो की मला तो आवाज ऐकू यायचा, आणि टाळ्यांसाठी थांबायच्या जागी उत्तरासाठी सोडलेली जागा दिसायची.

आता सकाळ-संध्याकाळ मी जातो. वाटपात उरलेला एक पट्टा आणून मीही घालतो. सकाळी कॅनॉलवरून जाणारे लोक हॉर्न देतात. परवा एका भाच्यानं मोटारसायकल थांबवून विचारलं, “काय कॅप्टनमामा, पट्टा घातला, साखळी कुठं हाय?” मी म्हणालो, मामीच्या हातात. तो हसत गेला. माझ्या गळ्यात आजवर पडलेल्या गोष्टींत, हारांसकट, हीच एक वस्तू अशी आहे की जिचा मला काही उपयोग तरी होईल.

मी पहारेकरी म्हणून चांगला आहे असं नाही. डोळे अधू झाले, चष्म्यावर दव बसतं. बिबट्या आलाच तर मी काय करीन याचा विचार मी करत नाही, आणि तीही मला विचारत नाही. ती वाफ्यात बसते, मी बांधावर उभा राहतो, मधे मक्याच्या चार ओळी. ती मला दिसत नाही, मी तिला दिसत नाही. ती बोलत राहते. सवय आहे. बँकेचं, मुलींचं, गाईच्या पान्ह्याचं. मी उत्तर देतो.

काल संध्याकाळी मात्र माझं लक्ष नव्हतं. हेच लिहावं की नाही, लिहिलं तर तिला वाचून दाखवावं की नाही, असं काहीतरी चाललं होतं. वाचून दाखवायची लाज वाटत होती. न दाखवता लिहायची त्याहून जास्त. पलीकडून तिची हाक आली, अहो, आहात ना. माझ्याकडून उत्तर गेलं नाही.

विळ्याची खसखस थांबली.

इतकी वर्षं तिनं हाक मारली होती आणि विळा कधी थांबला नव्हता. उत्तर यायचंच नव्हतं, म्हणून त्याची वाटही बघायची नव्हती. आता उत्तर आलं नाही की हात थांबतो. भीती कमी करायला म्हणून मी गेलो आणि ती नव्यानं तिच्या हाती दिली. उसात काहीच हलत नव्हतं. पलीकडं ती विळा कुठं धरून बसली असेल ते मला दिसत नव्हतं, आणि नीट माहीत होतं.

“आहे,” मी मोठ्यांदा म्हणालो. “इथंच आहे.”

मग खसखस पुन्हा सुरू झाली.